शेवटची गाडी आणि तीस मिलिग्रॅम

३१ डिसेंबरची रात्र. पुतणीची पुण्याची गाडी दोन तास उशिरा आली, म्हणून तिला आणायला मी तालुक्याच्या स्टँडवर गेलो होतो. परत येताना फाट्यावर नाकाबंदी. माझ्यापुढं मोटरसायकलवर एक पन्नाशीचे गृहस्थ, कानाला मफलर. पोलिसानं यंत्राची नळी पुढं केली, "फुंका काका." काका फुंकले. आकडा आला. पोलीस पोरगाच होता, पंचविशीतला, बोलायलाही नीट. म्हणाला, "गाडी इथंच लावायची. कोर्टात यावं लागेल. दहा हजार दंड आहे."

काकांनी मुकाट्यानं गाडी बाजूला लावली, किल्ली दिली आणि विचारलं, "साहेब, गाडी ठेवा. पण मी आता जाऊ कसा? अठरा किलोमीटर आहे."

पोरगं काही बोललं नाही. मागं थांबलेल्यांत हशा पिकला. "पिताना नाही आठवलं व्हय?" असं कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू जिरलं होतं. कारण काकांचा प्रश्न माझ्या पुतणीलाही लागू होता. तिनं तर चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मी न्यायला गेलो नसतो, तर ती रात्री साडेदहाला त्या स्टँडवरून चौदा किलोमीटर कशी आली असती?

आधीच सांगतो, कारण खाली कमेंटमध्ये तेच येणार आहे. ही पोस्ट दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची वकिली नाही. असं चालवू नये, कायदा बरोबर आहे आणि त्या पोलिसानं बरोबरच केलं. पण काकांच्या प्रश्नाला एकेकाळी आपल्याकडं उत्तर होतं. ते कधी आणि कसं गेलं, हे मी गेले काही दिवस शोधतोय. जे हाती लागलं ते लिहितो.

सुरुवात १९४८ पासून करावी लागते. १ जून १९४८ ला नगर–पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्याआधी रस्त्यावर खासगी 'सर्व्हिस मोटारी' होत्या. भरल्याशिवाय सुटायच्या नाहीत, आणि जिथं उतारू कमी तिथं फिरकायच्या नाहीत. मुंबई राज्याच्या सरकारनं ठरवलं की प्रवासी वाहतूक सरकार चालवील. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री होते आणि मोरारजी देसाई गृहमंत्री.

आता गंमत बघा. ह्याच सरकारनं १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा केला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळ्या राज्यात पूर्ण दारूबंदी आणली. म्हणजे दोन वर्षांच्या आत एकाच सरकारनं खेड्यात गाडी आणायचं काम सुरू केलं आणि खेड्यातून बाटली काढायचंही. त्यामागचा विचार आपल्याला पटो न पटो, पण तो एकसंध होता. माणसाला हलायला साधन द्यायचं आणि बिघडायचं साधन काढून घ्यायचं.

बाटली काही निघाली नाही, ती ओढ्याकाठी गेली. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे डबे, हातभट्टी. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक सांगायचे की बंदीच्या काळात प्यायला कुणाला लांब जावं लागलं नाही, फक्त वाकून जावं लागायचं. हे 'लांब जावं लागलं नाही' लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचं काय? त्याला कायदा होताच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ११७ वं कलम होतं. गाडीवर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतका जो नशेत असेल तो गुन्हेगार, असा त्याचा अर्थ. मोजमाप काही नाही. तोंडाला वास येतो का, चालताना झोक जातो का, बोबडं बोलतो का, डोळ्यांच्या बाहुल्या कशा आहेत, हे बघून डॉक्टर लिहून द्यायचे. बऱ्याचदा दाखल्यात असं यायचं की मद्य घेतलेलं आहे, पण अमलाखाली नाही. संपला खटला. ह्याउलट दारूबंदीच्या कायद्यात पुढं रक्तातल्या दारूची रेषा आखली गेली, ०.०५ टक्के. त्यावर सापडलात, तर ती दारू नव्हती, औषध होतं, हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणजे आपल्याकडं रक्तातली दारू मोजायला सुरुवात झाली ती माणूस प्यायला का हे बघायला. तो गाडी चालवत होता का, हा प्रश्न नंतरचा.

त्यात काही चूकही नव्हतं. खेड्यात गाडी होती कुणाकडं? आमच्या गावात साठच्या दशकात एक डॉक्टरांची फटफटी होती आणि कारखान्याची जीप कधीमधी यायची. बाकी सगळे सायकल, बैलगाडी, पायी आणि एसटी. ११७ वं कलम आमच्या गावापुरतं झोपून होतं.

एसटीचं ब्रीद होतं 'गाव तिथे एसटी'. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे मुक्कामी गाडी. आजच्या पोरांना ही भानगड सांगावी लागते. रात्री शेवटची गाडी गावात यायची आणि तिथंच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे. कुणाच्या तरी घरून भाकरी यायची. पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघायची. दूध, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्याला निघालेले, सगळे त्यात. रात्री येताना परत तेच लोक, आणि त्यांच्यासोबत बाजार, औषधं, पाहुणे. एका गाडीनं गावाला दोन्ही टोकांनी धरून ठेवलेलं असायचं.

आमचे आण्णा, म्हणजे माझे चुलते, एसटीत कंडक्टर होते. २००४ साली रिटायर झाले. फाट्यावरचा प्रसंग मी त्यांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बाजारादिवशी शेवटच्या गाडीत चार-पाच जण झालेले असायचेच. त्यांची जागा ठरलेली, मागचा लांब बाक. पैसे आधी काढून घ्यायचे, नाहीतर मग खिसा सापडत नाही. बडबड करायला लागला तर त्याच्याच गावचा म्हातारा बघून त्याच्याशेजारी बसवायचा, आपोआप गप बसतो. वस्तीवर आलं की हलवून उठवायचं. नाहीच उठला तर गाडी मुक्कामाला जाईल तिथं झोपू द्यायचा. पहाटे हापशावर तोंड धुऊन पहिल्या फेरीनं घरी."

नियमानं अशा माणसाला गाडीतून उतरवता येत होतं. आण्णा म्हणाले, "उतरवून कुठं टाकायचा? रस्त्यावर? उद्या त्याची बायको त्याच गाडीत बसणार असती."

ह्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती गाडी पिणाऱ्यासाठी सोडलेली नव्हती. ती सगळ्यांसाठी होती, आणि त्या सगळ्यांत तोही बसून जायचा. त्याला कुणी समुपदेशन केलं नाही, योजना काढली नाही. फक्त स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं, आणि तो दुसरा शुद्धीवर होता.

पुढं काय झालं? दारूकडचं आधी सांगतो. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल व्हायला लागली. एक कारण हातभट्टीत मरणारी माणसं, दुसरं कारण महसूल. शिवाय साखर कारखाने वाढत होते, मळी निघत होती, मळीतून मद्यार्क निघत होता, आणि तो कुठंतरी जायला हवा होता. परवाने आले, देशीची दुकानं आली. १९४९ चा कायदा मात्र रद्द झाला नाही, तो आजही आहे. नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा' झालं, एवढंच. आजही कागदोपत्री महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. दारूबंदीच्या कायद्याखालीच दारू विकून राज्याला वर्षाला २० हजार कोटींच्या पुढं उत्पन्न मिळतं. असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ साली नवा झाला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात १८५ वं कलम आलं. सुरुवातीला ते आजच्यापेक्षा कडक होतं. चालकाच्या रक्तात दारू कितीही थोडी सापडली तरी गुन्हा. १९९४ च्या दुरुस्तीनं त्यात मोजमाप आलं, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आजही आपली मर्यादा तीच आहे. ती बऱ्यापैकी कडक आहे. इंग्लंडात आजही ८० आहे. शिक्षा सहा महिने कैद किंवा २ हजार दंड, किंवा दोन्ही. यंत्रही कायद्यात आलं, पण फाट्यावर यायला त्याला वेळ लागला. मुंबईत २००७ पासून पोलिसांनी नियमित मोहीम उघडली. आमच्याकडं ते यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं त्याच्या बऱ्याच वर्षांनी.

आणि ह्याच नव्वदच्या दशकात खेड्यात दोन वाहनं आली. एक वडाप, दुसरी हप्त्यावरची मोटरसायकल.

वडाप म्हणजे काय हे आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. जीप, ट्रॅक्स, नंतर सहा आसनी रिक्षा. माणसं भरायची, आणखी भरायची, टपावर बसवायची, आणि मग निघायचं. विदर्भ-मराठवाड्यात ह्यालाच काळी-पिवळी म्हणतात. बहुतेक वाहतूक बेकायदा. स्टँडपासून २०० मीटरच्या आत उभं राहायचं नाही असा नियम, आणि ती बरोब्बर स्टँडच्या दारात उभी. अपघातही झाले, भयंकर झाले. पण वडापनं एसटीचं नेमकं काय नेलं ते बघा. दिवसाची भरलेली फेरी नेली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, चांगला रस्ता, रोख पैसा. एसटीकडं राहिली रात्रीची गाडी, सवलतीचे पास आणि खराब रस्त्याची गावं. तोटा तिथंच लिहिला गेला. त्यावर एसटी प्रत्येक तिकिटामागं सरकारला साडेसतरा टक्के प्रवासी कर देत होती. वडापवाला कसला कर देतो?

मग मोटरसायकल. १९९४ साली हिरो होंडाची स्प्लेंडर आली. ऊसबिल आलं की बैलाऐवजी गाडी घ्यायची पद्धत पडली. मी नावं ठेवत नाही, माझ्याही दारात आहे. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायला ती उपयोगी पडली. पण ज्यांच्याकडं मोटरसायकल आली ते शेवटच्या गाडीची वाट बघेनासे झाले. ते गेले तशी गाडी रिकामी झाली, रिकामी झाली म्हणून आठवड्यातून चार दिवस यायला लागली, भरवसा राहिना म्हणून उरलेल्यांनीही मोटरसायकल घेतली. आमच्या गावची मुक्कामी गाडी अशी बंद पडली. कुणी एका दिवशी हुकूम काढून बंद केली असं नाही. आधी रस्ता उखडला म्हणून, मग ड्रायव्हर कमी म्हणून, मग उत्पन्न नाही म्हणून. आज शेवटची गाडी संध्याकाळी सव्वासहाला सुटते.

मागच्या बाकावरचा तो माणूस आता कुठं आहे? तो गाडीच्या पुढच्या सीटवर आला. स्टिअरिंग, म्हणजे हँडल, त्याच्या हातात आलं. झोपलेलं कलम आमच्या गावात जागं झालं ते तेव्हा.

इथं आणखी एक वळण आहे, आणि ते लिहिताना मला त्रास होतोय, कारण ज्यांनी ते घेतलं त्या बायकांच्या बाजूचा मी आहे. गावातलं दारूचं दुकान महिलांच्या मतदानानं बंद करता येतं, ही सोय महाराष्ट्रात आहे. 'आडवी बाटली'ला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी चालत नाहीत, एकूण मतदारांच्या निम्मी. आमदारकीला तरी इतकी कडक अट आहे का? तरीही कितीतरी गावांनी ती पार केली. आमच्या शेजारच्या गावानं केली. मी मोजणीच्या वेळी बाहेर उभा होतो, म्हाताऱ्या बायका गुलाल खेळल्या होत्या.

बाटली आडवी झाली. गावातली भांडणं कमी झाली, पोरांसमोरचा तमाशा कमी झाला, हे खरं आहे आणि लहान नाही. पण पिणारे होते त्यातले काही सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाला जायला लागले. हातभट्टीच्या काळात माणूस पिऊन ओढ्यावरून घरी चालत यायचा, फार तर बांधावर पडायचा. आता त्याला पिण्यासाठी मोटरसायकल लागते, आणि परतायलाही तीच.

असंच काहीसं मोठ्या पातळीवर झालं ते महामार्गांच्या बाबतीत. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत. १ एप्रिल २०१७ पासून अंमल. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर नंतर २२० मीटर केलं. हेतू चांगलाच होता, ट्रक आणि गाड्या चालवणाऱ्याच्या हातापासून बाटली लांब न्यायची. मग काय काय झालं ते आठवत असेल. शहरातले महामार्गाचे तुकडे नगरपालिकांच्या नावावर करायची धावपळ झाली. केरळात एका बारनं दारापर्यंत नागमोडी वाट बांधून अंतर वाढवून दाखवलं. पुढं न्यायालयानंच शहरांच्या हद्दीला सूट दिली. आमच्याकडं इतकी हुशारी कुणी केली नाही. फाट्यावरचा एक ढाबा उठला आणि आत शेताच्या रस्त्याला गेला. फाट्यावर निदान दिवा होता, चार माणसं होती, येणारी-जाणारी वाहनं थांबायची. आतल्या रस्त्याला एका बाजूला कॅनॉल आहे, कठडा नाही.

त्या कॅनॉलला माझा वर्गमित्र गेला. २०१८ सालचा पावसाळा. गाडी सकाळी दिसली, तो दुपारी. रोज पिणारा नव्हता. त्या दिवशी त्याच्या मेहुण्याचं काहीतरी काम झालं होतं म्हणून बसले होते. दोन पोरं, सव्वा एकर जमीन. शेतकऱ्यांसाठी सरकारची अपघाताची योजना आहे, मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. वहिनींचा अर्ज मीच भरला होता. त्या योजनेत एक अट आहे, अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेला अपघात बसत नाही. रासायनिक तपासणीचा अहवाल आला आणि अर्ज परत आला. टेबलावरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवला, आवाज न चढवता. वहिनींनी विचारलं, "पण मी तर नव्हते ना प्याले?" ह्यावर कुणी काय बोलणार?

अट का आहे ते मला समजतं. सरकारनं बेजबाबदारपणाला पैसे देऊ नयेत. पण दंड कुणाला बसला हेही बघायला पाहिजे. तो तर गेला होता.

त्यानंतर एका वर्षानं दंड वाढला. १ सप्टेंबर २०१९ पासून १८५ व्या कलमात २ हजाराचे १० हजार झाले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड, दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही. आणि त्यानंतर दोन वर्षांनी एसटीचा संप झाला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून जवळजवळ सहा महिने. उच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं तेव्हा गाड्या परत रस्त्यावर आल्या. पगारासाठीचा संप होता, पगार खरंच कमी होते, आण्णांची पेन्शन बघितली तर तुम्हालाही रडू येईल. पण सहा महिन्यांत ज्यांनी दुसरी सोय केली ते परत आले नाहीत. ताफा आधी १८ हजार गाड्यांच्या घरात होता, तो बराच खाली आला. संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेला. आता ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे. चांगल्या सवलती आहेत. आमच्या आईनं पहिल्या महिन्यात दोनदा सोनाराकडं चक्कर मारली, काम नसताना. पण सव्वासहाच्या पुढं गाडीच नाही, तर त्यानंतर निम्मं तिकीट कशाचं काढायचं?

म्हणजे १९५० मध्ये गाडी वाढत होती आणि बाटली लपत होती. आज बाटली परवान्यानं विकली जाते, दंड पाचपट झालाय, यंत्र फाट्यावर आलंय, आणि मधली गाडी तेवढी गायब आहे.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा आणि श्वासाची चाचणी आणली ती बार्बरा कॅसल ह्या वाहतूक मंत्रीणबाईंनी. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, त्यावरून पबवाल्यांनी त्यांची भरपूर टर उडवली, धमक्याही आल्या. पहिल्याच वर्षात रस्त्यावरचे मृत्यू घटले. पण त्या बाईंचं दुसरं काम आपल्याकडं कुणी सांगत नाही. त्याआधी १९६३ मध्ये बीचिंग अहवाल आला होता आणि तोट्यातल्या शेकडो रेल्वे स्टेशनांना कुलपं लागत होती. कॅसलबाईंनी १९६८ चा वाहतूक कायदा आणला. त्यात तोट्यातल्या पण लोकांना लागणाऱ्या रेल्वेसेवांना सरकारी पैसा आणि खेड्यातल्या बसना अनुदान, ह्या दोन्हींची तरतूद होती. श्वास तपासणारीही तीच आणि बसला पैसे देणारीही तीच. पुढच्यांनी ते कितपत चालवलं ही निराळी कथा.

उलटं उदाहरण आयर्लंडचं. तिथं २०११ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली. त्यावर जानेवारी २०१३ मध्ये केरी नावाच्या परगण्याच्या कौन्सिलनं चक्क ठराव केला की आडगावात राहणाऱ्यांना दोन-तीन पेले पिऊन गाडी चालवायचा परवाना पोलिसांनी द्यावा. पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर, बाकीचे गैरहजर किंवा तटस्थ. ठराव मांडणारे डॅनी हीली-रे, त्यांचा स्वतःचा पब. जगभर हसले लोक, आणि सरकारनं तो ठराव कचऱ्यात टाकला, योग्यच केलं. पण त्यांची तक्रार होती की एकटे म्हातारे संध्याकाळी घराबाहेर पडू शकत नाहीत, चार माणसांत बसू शकत नाहीत. ती खोटी नव्हती. २०१८ साली आयर्लंडनं कायदा आणखी कडक केला आणि त्याच वर्षी काही ग्रामीण मार्गांवर संध्याकाळच्या बस प्रयोग म्हणून सुरू केल्या. विरोधकांनी त्यांना दारूड्यांच्या बस म्हणून हिणवलं. बसमध्ये बसणाऱ्यांत बरेचसे नुसतेच कुणाला तरी भेटायला निघालेले.

आपल्याकडंही हा आक्षेप येणार. "दारुड्यांसाठी सरकारनं गाडी सोडायची का?" येऊ द्या. आपल्या तालुक्यातून रात्री नऊची गाडी परत सुरू झाली तर त्यात कोण बसेल ते सांगतो. एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटलेली पोरं. क्लासवरून येणाऱ्या मुली, ज्यांच्या बापांनी सव्वासहाच्या गाडीमुळं क्लास बंद केलाय. अशी तीन घरं मला माहीत आहेत. पुण्या-मुंबईच्या गाडीनं उतरणारे. दवाखान्यातून सोडलेला पेशंट आणि त्याची बायको. आणि मागच्या बाकावर एखाद-दुसरा तो. त्याच्यासाठी म्हणून कुणी गाडी मागत नाहीये. पण तो त्यात बसेल, आणि त्या रात्री कॅनॉलच्या रस्त्याला एक हँडल कमी असेल.

रोज नाही जमलं तर बाजारादिवशी तरी. कारखान्याच्या पगाराच्या दिवशी तरी. जत्रेला एसटी जादा गाड्या सोडतेच की, तेव्हा हिशेब जमतो. मोठी गाडी परवडत नसेल तर मिनीबस चालेल. मुक्कामी थांबायला ड्रायव्हर-कंडक्टरना पंचायतीनं एक स्वच्छ खोली आणि संडास द्यावा. देवळाच्या ओट्यावर झोपायचे दिवस गेले, आणि त्यांनी का झोपावं? आमच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडला होता. तिघांनी हात वर केले, त्यात एक मी. बाकीच्यांच्या मोटरसायकली बाहेर उभ्या होत्या.

पण ग्रामसभेत हातांवर नाही, आगारात कागदावर चालतं, असं आण्णांचं म्हणणं आहे. मार्ग सुरू करायला उतारू किती हे दाखवावं लागतं. म्हणून एक काम करू. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येकानं खाली कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा. गावाचं नाव, तालुक्याहून तुमच्याकडं सुटणारी शेवटची गाडी किती वाजताची, आणि रात्रीची गाडी असती तर तुमच्या घरातून आठवड्यात कितीजण किती वेळा बसले असते. खरं लिहा, फुगवू नका, आण्णा तपासणार आहेत. त्यांनी आधीच एका वहीत रकाने आखून ठेवलेत. मुक्कामी गाडी तुमच्या गावात कोणत्या साली बंद झाली हे कुणाला आठवत असेल तर तेही लिहा.

आमच्या गावचं मी लिहितो. सव्वासहा. आमच्या घरातून आठवड्यात दोघं, सहा वेळा.